जॉर्जिया टेकचं ऑनलाइन एमएस: दहा कोर्स झाले तरी पदवी का अडते

प्रश्न असा आला आहे: "ताई, जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन एमएसला ऑगस्टच्या सत्रात प्रवेश मिळाला आहे. हिंजवडीत नोकरी करतो, घरी दोन वर्षांची मुलगी आहे. मशीन लर्निंग स्पेशलायझेशन घ्यायचा विचार आहे. दहा कोर्स पास केले की पदवी मिळते ना? अडीच वर्षांत होईल का?"

आधी मनापासून अभिनंदन. आता उत्तर: दहा कोर्स पास होणं ही पदवीची एक अट आहे, एकमेव नाही. आणि अडीच वर्षं शक्य आहेत, पण लहान मूल आणि नोकरी असताना मी त्या वाटेला जा असं म्हणणार नाही. अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठाची ही कॉम्प्युटर सायन्सची पदवी मी पुण्यात नोकरी करत चार वर्षांत घेतली आणि त्यानंतर दर शनिवारी कोथरूडला आमचा एक छोटा अभ्यासगट चालतो. तिथे जे अडकलेले पाहिले, ते बहुतेक अभ्यासात कमी पडले म्हणून अडकले नव्हते. त्यांनी पदवीच्या अटी सातव्या-आठव्या कोर्सला पोचल्यावर पहिल्यांदा नीट वाचल्या.

एक उदाहरण घ्या. एखाद्याचे दहा कोर्स झाले: चार ए, पाच बी, एक सी. जॉर्जिया टेकच्या ग्रेडमध्ये प्लस-मायनस नाही. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. बेरीज ३३, भागिले १०, म्हणजे जीपीए ३.३. पदवीला ३.० लागतो. हा माणूस उत्तीर्ण वाटतो. पण स्पेशलायझेशन, म्हणजे पदवीतला निवडलेला खास विषय, मशीन लर्निंग असेल आणि तो एक सी त्याला सक्तीच्या असलेल्या ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स या कोर्समध्ये असेल, तर पदवी मिळत नाही. कारण स्पेशलायझेशनमध्ये मोजला जाणारा प्रत्येक कोर्स बी किंवा त्याहून वरच हवा. बाकीच्या मोकळ्या कोर्सना सी चालतो. तुमच्या पदवीचं सगळं गणित या एका फरकावर उभं आहे.

बाकी अटी भराभर सांगते. एकूण ३० क्रेडिट्स, म्हणजे तीन-तीन क्रेडिट्सचे दहा कोर्स. मशीन लर्निंगमध्ये त्यातले पाच स्पेशलायझेशनचे, पाच मोकळे. कॉम्प्युटिंग सिस्टिम्समध्ये सहा आणि चार. पदवीच्या वेळी जीपीए किमान ३.०. सगळं सहा वर्षांच्या आत. आणि पहिल्या बारा महिन्यांत दोन फाउंडेशनल, म्हणजे पायाभूत, कोर्स बी किंवा वरच्या ग्रेडने पूर्ण. मध्ये एखादं सत्र सोडलं तर चालतं, पण ओळीने दोन सत्रं गैरहजर राहिलात तर पुन्हा प्रवेशाचा अर्ज करावा लागतो. बाळंतपण, आजारपण, घरातलं एखादं मोठं काम अशा वेळी हे विसरलं जातं.

फाउंडेशनलची अट लोक किरकोळ समजतात. माझ्या मते हीच या अभ्यासक्रमाची खरी प्रवेश परीक्षा आहे. जानेवारी २०१४ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हापासून त्याची कल्पनाच अशी आहे की प्रवेशाचं दार रुंद ठेवायचं. जीआरई ही प्रवेश परीक्षा मागायची नाही, संपूर्ण पदवीचा खर्च सात हजार डॉलरच्या आसपास ठेवायचा, आणि ज्याच्याकडे पात्रता दिसते त्याला आत घ्यायचं. मी या कल्पनेची मनापासून चाहती आहे. पुण्या-नाशिकच्या साध्या कॉलेजांतून बीई झालेल्या कितीतरी जणांना ही संधी एरवी मिळालीच नसती. पण रुंद दाराची दुसरी बाजू अशी की गाळणी आत आहे. बारा महिन्यांत दोन बी मिळाले नाहीत, तर त्यापुढे अट पूर्ण होईपर्यंत फक्त फाउंडेशनल कोर्सच घेता येतात, आणि पुढे प्रकरण अवघड होत जातं. कोर्सच्या अधिकृत यादीत कोणते फाउंडेशनल आहेत याची खूण केलेली असते. प्रत्येक आवडता कोर्स त्यात नसतो, म्हणून पहिलं नाव नोंदवण्याआधी ती खूण पाहा.

पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे जण ऐकत नाहीत. अडीच वर्षांचा हिशोब करून बघू: वर्षाला तीन सत्रं, ऑगस्टमध्ये फॉल, जानेवारीत स्प्रिंग, मेमध्ये समर. अडीच-पावणेतीन वर्षांत आठ सत्रं बसतात, म्हणजे किमान दोन सत्रांत दोन-दोन कोर्स घ्यावे लागतील. एकेक कोर्स घेतला तर दहा सत्रं, सव्वातीन वर्षं. फरक सहा-सात महिन्यांचा आहे. त्या सहा महिन्यांसाठी दोन सत्रं रोज रात्री एक वाजेपर्यंत जागायचं, आणि मुलगी आजारी पडली तर दोन्ही कोर्सचे ग्रेड एकदम धोक्यात घालायचे, हा सौदा मला पटत नाही. समरचं सत्र आठवड्यांनी छोटं असतं, त्यामुळे अवघड कोर्स समरमध्ये घेतला तर तोच माल कमी दिवसांत उरकावा लागतो. समरला हलका कोर्स ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ही पदवी शेवटाकडून आखायची असते. पहिल्या सत्रात काय घेऊ, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा: ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स, ज्याला सगळे जीए म्हणतात, सीएस ६५१५, तो मी कितव्या सत्रात देणार आणि तिथे सी आला तर माझ्याकडे काय उरेल?

हा कोर्स मशीन लर्निंगला सक्तीचा आहे, कॉम्प्युटिंग सिस्टिम्सलाही. नोंदणीत ज्यांचे क्रेडिट्स जास्त त्यांना आधी संधी मिळते आणि या कोर्सला मागणी प्रचंड, त्यामुळे माझ्या काळात तो मिळायचाच शेवटी-शेवटी, नववा किंवा दहावा कोर्स म्हणून. परिणाम काय होतो पाहा. साडेतीन वर्षं झालेली असतात, माणूस दमलेला असतो, घरच्यांना "हे शेवटचं सत्र" असं सांगून झालेलं असतं, आणि सगळ्यात निर्णायक कोर्स तेव्हा समोर येतो. माझं तेच झालं. बीची रेषा ७० ला होती आणि मी ६७ वर थांबले. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा बी आला. पण पुन्हा घेतला म्हणून जुना सी पुसला जात नाही. दोन्ही ग्रेड जीपीएत मोजले जातात. मला अकरा कोर्सचे पैसे आणि एक जादा सत्र लागलं. म्हणून जागा मिळू लागली की लगेच, शक्यतो आठव्या सत्रात, हा कोर्स घ्या. दहाव्यासाठी ठेवू नका.

मला तेव्हा बी का नाही मिळाला हेही सांगते, कारण आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांची चूक साधारण हीच असते. मला वाटलं, अल्गोरिदम म्हणजे कोड. मी रोज कोड लिहिते. परीक्षेत कोड मागत नाहीत. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणजे मोठा प्रश्न छोट्या प्रश्नांत (सबप्रॉब्लेम) मोडून सोडवायची पद्धत; तिच्या प्रश्नात आधी सबप्रॉब्लेमची व्याख्या शब्दांत लिहायची: टेबलमधल्या या एका घरात नेमकी कोणती किंमत आहे. मग रिकरन्स, म्हणजे छोट्यांवरून मोठ्याचं उत्तर काढायचं सूत्र, आणि बेस केस, म्हणजे त्याची सुरुवात; मग छोटं सूडोकोड, म्हणजे साध्या शब्दांतला कोड, आणि तो धावायला लागणारा वेळ. व्याख्या ढिसाळ असेल तर पुढचं सगळं बरोबर असूनही गुण जातात. ग्राफच्या, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या, प्रश्नात डायक्स्ट्रा किंवा डीएफएससारखे ठरलेले अल्गोरिदम नव्याने लिहायचे नसतात. दिलेल्या प्रश्नातून ग्राफ कसा बनवायचा, त्यावर माहीत असलेला अल्गोरिदम जसाच्या तसा चालवायचा आणि आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा, एवढंच. मला मात्र आतले फेरफार करायचा मोह व्हायचा.

सगळ्यात जास्त गुण जातात ते एनपी-कम्प्लीटनेसमध्ये, म्हणजे एखादा प्रश्न झटपट सोडवायची रीत कोणालाच माहीत नसलेल्या प्रश्नांइतका अवघड आहे हे दाखवण्यात, आणि तिथे दिशा उलटते. नवा प्रश्न अवघड आहे हे सिद्ध करायचं, तर ज्ञात अवघड प्रश्नाचं रूपांतर नव्या प्रश्नात करायचं. नव्या प्रश्नातून ज्ञात प्रश्नाकडे गेलात तर काहीच सिद्ध होत नाही. आमच्या गटात मी हे असं सांगते: तुमच्याकडे नवा प्रश्न सोडवणारं एक यंत्र आहे असं माना आणि त्या यंत्राने जुना, अवघड प्रश्न सोडवून दाखवा. मग दोन्ही बाजू सिद्ध करा: जुन्याला उत्तर असेल तर नव्याला आहे, आणि नव्याला असेल तर जुन्याला आहे. आणि नवा प्रश्न एनपीत आहे, म्हणजे दिलेलं उत्तर बहुपदी, म्हणजे वाजवी, वेळात तपासता येतं, हे आधी लिहा. हे दोन ओळींचं काम घाईत सुटतं. तयारीसाठी कोर्स सुरू व्हायच्या दोन महिने आधीपासून आठवड्याला तीन प्रश्न कागदावर, पेनाने, पूर्ण वाक्यांत सोडवा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. शनिवारचा गट मुळात याचसाठी सुरू झाला.

आता सी आला तर काय, याची सोय आधीच करता येते, आणि ही गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती तर माझं एक सत्र वाचलं असतं. सगळ्याच स्पेशलायझेशनना जीए सक्तीचा नसतो. ज्याला आधी इंटरॅक्टिव्ह इंटेलिजन्स म्हणायचे आणि आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणतात, त्यात अल्गोरिदम्सच्या जागी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोसेस हा कोर्स चालतो. म्हणजे दहा कोर्स असे निवडायचे की ते दोन्ही चौकटींत बसतील. माझ्या वेळच्या याद्यांप्रमाणे एक मांडणी देते. मशीन लर्निंगसाठी: जीए, मशीन लर्निंग, रीइन्फोर्समेंट लर्निंग, डीप लर्निंग, आणि एआय, एथिक्स अँड सोसायटी. मोकळ्या पाचांपैकी तीन: सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोसेस, नॉलेज-बेस्ड एआय, ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन. उरलेले दोन तुमच्या आवडीचे.

हे दहा पुन्हा मोजा. जीएमध्ये बी आला तर मशीन लर्निंगची पदवी पूर्ण. सी आला, तर स्पेशलायझेशन बदलायचं: सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोसेस, नॉलेज-बेस्ड एआय, मशीन लर्निंग, एथिक्स आणि ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन हे पाच मिळून दुसरी चौकट भरते आणि जीएचा सी मोकळ्या कोर्समध्ये जाऊन बसतो, तिथे तो चालतो. अकरावा कोर्स लागत नाही. अट एवढीच की या पाचांतही प्रत्येकात बी हवा आणि एकूण जीपीए ३.० च्या खाली जाता कामा नये, म्हणजे प्रत्येक सीमागे कुठेतरी एक ए हवा. पदवीपत्रावर मास्टर ऑफ सायन्स इन कॉम्प्युटर सायन्स असंच लिहिलेलं असतं, 'ऑनलाइन' हा शब्द त्यावर नसतो. याद्या वर्षागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची यादी समोर ठेवून ही मांडणी ताडून घ्या. डिग्रीवर्क्स नावाची सोय विद्यार्थ्याच्या खात्यात असते. तिथे 'असं केलं तर' म्हणून दुसरं स्पेशलायझेशन लावून बघता येतं. दर सत्राच्या शेवटी ते बघायची सवय लावा आणि आपला स्वतःचा एक तक्ता वेगळा ठेवा.

मशीन लर्निंग या कोर्सबद्दल दोन शब्द, कारण तोही सक्तीचा आहे आणि बी त्यातही हवाच. सीएस ७६४१ मध्ये चार मोठे रिपोर्ट असतात. कोड कुठूनही, कुठल्याही लायब्ररीचा वापरा, त्याला गुण नाहीत. गुण विश्लेषणाला. ही आकृती अशी का आली, या डेटावर हा अल्गोरिदम का हरला, हे पानांच्या मर्यादेत पटवून द्यायचं. आपले लोक दोन आठवडे कोड घासतात आणि शेवटच्या रात्री रिपोर्ट लिहितात. वेळ उलटा वाटा: पहिल्या तीन-चार दिवसांत आकृत्या तयार, उरलेले दिवस लिहिण्यात.

सत्राच्या मध्यावर गाडी घसरते आहे असं दिसलं, तर माघार घ्यायची एक अंतिम तारीख असते. तोपर्यंत कोर्स सोडला तर ग्रेडच्या जागी डब्ल्यू लागतो आणि जीपीएला धक्का बसत नाही. पैसे जातात. मी म्हणेन, जाऊ द्या. सीपेक्षा डब्ल्यू बरा, खास करून स्पेशलायझेशनच्या कोर्समध्ये. ती तारीख सत्राच्या पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर टाकून ठेवा.

वेळेचं गणित पुण्यातून वेगळं पडतं. बऱ्याच कोर्सच्या मुदती 'एनिव्हेअर ऑन अर्थ' पद्धतीने असतात, म्हणजे पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे रविवार संपतो तिथली मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा सोमवारची संध्याकाळ, साडेपाच वाजलेले असतात. अमेरिकेतल्या मुलांना ही सवलत वाटते. आपल्याला तो ऑफिसचा सोमवार असतो. मी माझी मुदत कायम रविवारी रात्री दहाची धरली आणि सोमवार फक्त अडचणीसाठी राखून ठेवला. एखाद्या कोर्सची मुदत अटलांटाच्या वेळेने असेल तर रविवार मध्यरात्र म्हणजे आपली सोमवार सकाळ, उन्हाळी वेळेत साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचं घड्याळ बदलतं तेव्हा एका तासाने चुकणारे मी पाहिले आहेत.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर, ऑनलाइन देखरेखीखाली होतात. टेबल रिकामं, खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखवायची, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट. परीक्षेला सहसा काही दिवसांची खिडकी मिळते. त्यात गुरुवार टाळा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुतेक गुरुवारीच, हे तुम्हाला सांगायला नको. इन्व्हर्टर राउटरलाही जोडलेला आहे ना बघा आणि फोनचा हॉटस्पॉट आधी एकदा चालवून ठेवा. मुलगी झोपल्यानंतरची वेळ घ्या, आणि घरच्यांना सांगा की दार कोणीही उघडायचं नाही. मध्येच कोणी आत आलं तर त्याची नोंद होते आणि मग खुलासे द्यावे लागतात.

एका गोष्टीवर मला जरा थांबून बोलायचं आहे. आपल्याकडे इंजिनीअरिंगला जर्नल उतरवून काढायची, एकाचा प्रॅक्टिकल कोड सगळ्यांनी फिरवायची सवय लागते. त्यात आपल्याला कोणी चोर म्हटलं नाही. इथे म्हणतात. आधीच्या सर्व वर्षांच्या कोडशी तुमचा कोड यंत्राने ताडला जातो, आणि इंटरनेटवर सापडलेली उत्तरं त्यांच्याकडेही असतात. प्रकरण विद्यापीठाच्या प्रामाणिकपणाच्या कार्यालयाकडे गेलं की शून्य गुणांपासून पुढे काहीही होऊ शकतं, आणि शेवटच्या सत्रात झालं तर चौकशी संपेपर्यंत पदवी थांबते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने स्वतःचा, स्वतः लिहिलेला कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पुढच्या सत्रात तो दुसऱ्याने उतरवला आणि तिलाही उत्तर द्यावं लागलं. रिपॉझिटरी, म्हणजे तिथला तुमचा कोडचा साठा, खाजगी ठेवा. मित्राला समजावून सांगा, पण फाइल पाठवू नका. हे कठोर वाटेल, पण या पदवीला जी किंमत आहे ती याच्यामुळेच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. या अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिकून झाल्यावर अमेरिकेत काम करायची मुभाही यातून मिळत नाही. आणि पुढे भारतात प्राध्यापकी किंवा सरकारी जागेचा विचार असेल तर आत्ताच थांबून चौकशी करा. यूजीसीने २०२५ साली परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे जे नियम काढले, त्यांत प्रत्यक्ष हजर राहून घेतलेलं शिक्षण अपेक्षित आहे. खाजगी कंपन्यांत हा प्रश्न येत नाही. माझ्या गटातल्या सगळ्यांना नोकरीत या पदवीचा उपयोगच झाला. पण नेट-सेट, पीएचडी असं मनात असेल तर आयआयटीचं एमटेक तुमच्यासाठी जास्त सरळ आहे.

शेवटच्या सत्राबद्दल एवढंच: पदवी आपोआप मिळत नाही. पदवीसाठी वेगळा ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत शेवटचं सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी संपू शकते. आठवा कोर्स चालू असतानाच ती तारीख शोधून ठेवा. पदवीदान समारंभाला अटलांटाला जायचं असेल तर अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीला लागणारा वेळ धरून दीड वर्ष आधी अर्ज करा. मी गेले होते, आईला घेऊन. जरूर जा.

आता तुम्ही एक करा. कागदावर दहा ओळी आखा. वरच्या मांडणीतले आठ कोर्स लिहा, जीए आठव्या ओळीवर, मशीन लर्निंग चौथ्या-पाचव्या ओळीवर, प्रत्येक समरसमोर एक हलका कोर्स, पहिल्या तीन ओळींत निदान दोन फाउंडेशनल. रिकाम्या दोन ओळी आत्ताच भरू नका. ऑगस्टची नोंदणी उघडायच्या आत तो तक्ता मला पाठवा, मी बघून देते.